पैठणचा दरवाजा आणि परभणीचें शेत
(नभोवाणीवरील भाषण)

पाण्याविषयीं बोलतांना आपण बहुधा तें किती आहे एवढेंच विचारतों. धरणांत किती, विहिरींत किती, यंदा पाऊस किती इंच झाला. तें पोंचतें केव्हां, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. आज ह्या दुसऱ्या प्रश्नाचा थोडासा इतिहास मला सांगावयाचा आहे. आणि तो सांगण्यास परभणी जिल्ह्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रांत थोडीच सांपडेल. कारण ह्या जिल्ह्यांतील पुष्कळशा शेतांना मिळणाऱ्या पाण्याचा दरवाजा जिल्ह्यांत नाहींच. तो पैठणास आहे. शेत इकडे, दरवाजा तिकडे, आणि मधें दोनशें किलोमीटरांचा कालवा, अशी ही रचना आहे. दरवाजावरच्या माणसानें शेताची गरज ओळखावी कशी, आणि ओळखली तरी वेळेवर भागवावी कशी, ह्याचीं उत्तरें गेल्या सव्वाशें वर्षांत अनेकांनीं शोधलीं. त्यांपैकीं कांहीं उत्तरें आपल्याच मुलुखांत निघालीं, कांहीं साता समुद्रांपलीकडून आलीं.

ज्यांनीं मोटेवरचें बागाईत पाहिलें आहे त्यांना ह्या प्रश्नाचें मर्म नव्यानें सांगावयास नको. धांवेवर बैल हांकणारा मोटकरी विहिरीपाशीं असतो. वाफ्यांत दारें धरणारा तिकडे शेताच्या टोंकाला. मधें थारोळ्यापासून निघालेला लांबच लांब पाट. शेवटचा वाफा भरत आला म्हणजे दारें धरणारा ओरडून सांगतो कीं, आतां पुरे. पण तो केव्हां ओरडतो? वाफा भरल्यावर नव्हे. वाफा पाऊण भरला असतांनाच तो हांक मारतो. कारण मोट थांबली तरी पाटांतलें पाणी यावयाचें आहेच, आणि वाफ्याचा उरलेला पाव हिस्सा त्याच पाण्यानें भरावयाचा आहे. नवखा पोरगा तेथें उभा केला तर तो वाफा कांठोकांठ भरल्यावर ओरडेल, आणि मग मागून येणारें पाणी वाफा फोडून शेजाऱ्याच्या रानांत जाईल. नवखा नुसता वाफा पाहतो. जुना गडी वाफा पाहतो आणि पाटांतलें पाणीहि मोजतो. पुढें ज्या योजना, जीं यंत्रें व जीं गणितें मी सांगणार आहे त्या सर्वांच्या मुळाशीं एवढाच भेद आहे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानांत मोठीं धरणें बांधण्याची विद्या नव्हती असें कोणीं समजूं नये. नवाब अली नवाज जंग ह्या नामांकित इंजिनियरांच्या हातून मांजरा नदीवर निजामसागर उभा राहिला व १९३१ मध्यें पुरा झाला. पण त्याचें पाणी तेलंगणांत गेलें. गोदावरी मात्र परभणीच्या मुलुखांतून पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम अशी वाहत जाई, आणि कांठच्या काळ्या जमिनी आभाळाकडे डोळे लावून बसत. गोदावरीवर मोठें धरण बांधण्याचा विचार हैदराबाद राज्यांत निघाला तेव्हां त्याची जागा बीड जिल्ह्यांतील जायकवाडी ह्या गांवाजवळ धरली होती. पुढें राज्यांची पुनर्रचना होऊन १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला, आणि धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला पैठणाकडे सरकली. नांव तेवढें जुन्या गांवाचें राहिलें. म्हणून जायकवाडीचें धरण जायकवाडीस नाहीं, ह्याचें पाहुण्यांना नवल वाटतें.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लाल बहादुर शास्त्री ह्यांच्या हस्तें पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनीं धरणाचें उद्घाटन केलें. सुमारें दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि मागें नाथसागर. त्याचे दोन कालवे: उजवा १३२ किलोमीटर, डावा २०८ किलोमीटर. डावा कालवा जालन्याकडून येऊन परभणी जिल्ह्यांत शिरतो व तेथेंच संपतो. म्हणजे परभणीचा शेतकरी ह्या कालव्याचा शेवटचा पाहुणा. आणि पंगतींत शेवटच्या पानावर बसणाऱ्याचें काय होतें हें आपणांस ठाऊक आहेच. धरणाची जागा वर सरकल्यानें कालवा अधिक उंचीवरून निघाला हें खरें, पण परभणीपासून दरवाजा तेवढाच दूर गेला. ह्या अंतराची किंमत पुढें कशांत मोजली गेली तें आतां पाहूं.

थोडा हिशोब करूं. कालव्यांतलें पाणी सेकंदाला एक मीटर, म्हणजे धिम्या चालीच्या माणसाइतक्या वेगानें चालतें असें धरलें, तर पैठणापासून टोंकापर्यंत त्याला दोन लक्ष आठ हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ ५८ तास लागतील. प्रवाहांतील चढउताराची लाट प्रत्यक्ष पाण्याहून थोडी पुढें धांवते. म्हणून ह्यांतून कांहीं तास वजा करावे. उलट वाटेंत कोरडी माती पाणी पिते, दरवाजे त्याला अडवितात, गवत त्याचे पाय ओढतें. म्हणून कांहीं तास पुनः मिळवावे. एकंदरींत दीड-दोन दिवसांचा हा प्रवास आहे. नभोवाणीच्या लहरी हेंच अंतर एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आंत तोडतात. निरोप विजेच्या पायानें जातो आणि पाणी माणसाच्या पायानें चालतें, हा विरोध मनांत ठेवावा.

आतां समजा, माघाच्या महिन्यांत परभणीस अवकाळी पाऊस कोसळला. एका दिवसांत शेंकडों शेतकरी आपापलीं दारें मिटवितात. पैठणास तत्काळ निरोप गेला, पैठणचा दरवाजा तत्काळ उतरला. तरी दोन दिवसांचें पाणी कालव्यांत उभें आहेच. कालव्याचा छेद पन्नास चौरस मीटर धरला तर एकेका किलोमीटरांत ५०,००० घनमीटर, म्हणजे पांच कोटि लिटर पाणी असतें. त्याला आतां गिऱ्हाईक नाहीं. जास्तीचें पाणी बाहेर काढण्याचे जे दरवाजे असतात, ज्यांना खात्यांतले लोक एस्केप म्हणतात, ते उघडून तें नाल्यांत सोडावें लागतें. न सोडलें तर कांठ फुटतो. उलट बाजूनें पाहिलें तर कडक ऊन पडून सगळ्यांना एकदम पाणी हवें झालें म्हणजे आज मागितलेलें पाणी परवां येणार, आणि तोंवर पीक माना टाकणार.

येथें मला आगगाडीची आठवण होते. मनमाडापासून सिकंदराबादेपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यांतून जाणारा मीटरमापी लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला, आणि परभणी व पूर्णा हीं त्यावरचीं स्टेशनें झालीं. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून एका स्टेशनावरून दुसऱ्यास तारेनें विचारावयाचें, मार्ग मोकळा असल्याचा जबाब आल्याखेरीज गाडी सोडावयाची नाहीं, असा नियम. जबाब उशिरां आला तर गाडी उशिरां सुटेल. तार तुटली तर गाडी उभी राहील. गैरसोय होईल, पण अपघात होणार नाहीं. निरोप न मिळाल्यास कांहींच न करणें हेंच तेथें सुरक्षित असतें. कालव्यावर हा सुखाचा नियम चालत नाहीं. गाडी उभी करतां येते. वाहतें पाणी निरोपाची वाट पाहत उभें राहत नाहीं. कालव्याच्या रखवालदाराला निरोप येवो न येवो, कांहीं तरी ठरवावेंच लागतें, आणि त्यानें कांहींच न केलें तरी तोहि एक निर्णयच ठरतो.

दख्खनच्या जुन्या कालव्यांनीं ह्यावर जो पहिला तोडगा काढला तो निरोप जलद करण्याचा नव्हता. निरोपाची गरजच कमी करण्याचा होता. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्यें सुरू झाला. मागणी कधीं उसळे, कधीं बसे. वर्षागणिक, पिकागणिक ती बदले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हां मुंबई सरकारच्या नोकरींत होते. त्यांनीं १८९९ मध्यें ब्लॉक पद्धत काढली. गांवोगांवच्या जमिनीचे तुकडे पाडावयाचे, कोणत्या तुकड्यांत किती ऊंस व किती इतर पीक हें आधीं ठरवावयाचें, आणि तितक्या पाण्याची हमी कांहीं वर्षांसाठीं द्यावयाची. मागणी आधींच ठरली म्हणजे रोज उठून विचारावयाचें कारण उरत नाहीं. ह्या पद्धतीचे गुणदोष पुष्कळ चर्चिले गेले आहेत, तो विषय निराळा. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं उशीराचा उपाय पूर्वनियोजनांत आहे हें त्यांनीं ओळखलें.

शेजपाळी ही त्याच जातीची. शेतकऱ्यानें पाण्याचा अर्ज, म्हणजे सुप्रसिद्ध सात नंबरचा नमुना, हंगामाच्या आरंभीं भरावयाचा. खात्यानें सर्वांच्या पाळ्या लावून कोणास कोणत्या दिवशीं किती तास पाणी मिळेल तें लिहून जाहीर करावयाचें. नियमाप्रमाणें पाळी चारीच्या टोंकाकडून सुरू होऊन मुखाकडे यावी. ह्या नियमांत मोठें शहाणपण आहे. टोंकाकडून सुरुवात केली म्हणजे चारी एकदां पूर्ण भरते, आणि मागें मागें येतांना भरलेल्या चारीचें पाणी वाया जात नाहीं. पण मुखापाशीं शेत असलेल्याला, डोळ्यांपुढून पाणी वाहत जात असतां, आठ दिवस हात बांधून बसावें लागतें. तें किती जणांना साधतें, हें चारीच्या कांठीं रात्र काढलेल्यानें सांगावें.

पाळीपत्रक कितीहि चांगलें असलें तरी मोठ्या कालव्यावर दिवसागणिक दुरुस्त्या कराव्याच लागतात, आणि खरी गंमत येथें सुरू होते. समजा एकामागून एक चार दरवाजे आहेत, प्रत्येकावर एक माणूस. चौथ्याला आपल्यापुढचें पाणी बोटभर उतरलेलें दिसतें. तो तिसऱ्यास निरोप धाडतो. तिसरा दोन फेरे उघडतो. घटकाभर वाट पाहूनहि चौथ्याला पाणी वाढलेलें दिसत नाहीं, कारण तें वाटेंत आहे. तो पुनः निरोप धाडतो. पुनः दोन फेरे. इतक्यांत तिसऱ्याचें स्वतःचें पाणी उतरतें, म्हणून तो दुसऱ्याकडे मागतो, दुसरा पहिल्याकडे. मग सगळ्यांचें पाणी एकदम येऊन थडकतें आणि सगळे घाईघाईनें दरवाजे मिटवूं लागतात. मूळचा फरक बोटभर होता. तो आतां वीतभर झाला, आणि पुढच्या फेरींत हातभर होईल. ह्यांत कोणींहि आळस केला नाहीं. उलट प्रत्येकानें तत्परता दाखविली, आणि त्या तत्परतेनेंच घोटाळा झाला. म्हणून नुसता टेलिफोन बसवून किंवा बिनतारी यंत्र देऊन कालवा सुधारतो ही समजूत मला भाबडी वाटते. पाटांतलें पाणी न मोजणाऱ्याच्या हातीं जलद निरोप दिला तर तो जलद चुकेल, एवढाच फरक.

ह्या हेलकाव्यांचें फळ भोगतो कोण? मुखाजवळच्या शेतकऱ्याला त्यांची झळ फारशी लागत नाहीं. पाणी चढो वा उतरो, त्याचें दार पहिलें असतें. टोंकाला मात्र एक दिवस ठणठणाट आणि दुसऱ्या मध्यरात्रीं पूर. असा दोन हंगाम अनुभव आला म्हणजे तो अर्ज भरणें सोडून विहीर खणतो. मग खात्याच्या वहींत टोंकाची मागणीच नाहीं अशी नोंद होते, आणि मागणी नाहीं म्हणून पाणीहि तिकडे सुटत नाहीं. पाण्याच्या उशीरानें अशा रीतीनें कागदावरचें लाभक्षेत्र आणि रानांतलें लाभक्षेत्र ह्यांची फारकत होते.

हा हेलकाव्यांचा रोग केवळ कालव्याचा नव्हे. जेम्स वॅटनें १७८८ मध्यें वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा वेगनियामक जोडला. यंत्राचा वेग वाढला कीं गोळे वर उचलले जाऊन वाफ कमी होई. पुढें असे नियामक कधीं कधीं स्वतःच वेडेवांकडे झोके घेऊं लागतात असें दिसून आलें. १८६८ मध्यें मॅक्सवेल ह्या थोर शास्त्रज्ञानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें निबंध ठेवून हे झोके केव्हां विरतात आणि केव्हां वाढत जातात ह्याचें गणित मांडलें. नियंत्रणशास्त्राचा पाया तेथें घातला गेला असें मानतात.

आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्यास विश्वेश्वरय्यांनींच १९०३ मध्यें धरणाच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं पाण्याच्याच जोरावर दरवाजे उघडत. उतरलें कीं पुनः मिटत. त्यामुळें धरण न वाढवितां सुमारें आठ फूट अधिक पाणी सांठवितां आलें. पुढें असे दरवाजे ग्वाल्हेर संस्थानांत तिग्रा येथें व म्हैसूर संस्थानांत कृष्णराजसागरावरहि बसले. ह्या दरवाजांत डोळा आणि हात एकाच जागीं आहेत, मधें निरोप्या नाहीं, म्हणून उशीरहि नाहीं. पण ह्या गुणांतच त्याची मर्यादा आहे. असा दरवाजा फक्त आपल्यापुढचें पाणी पाहतो. पन्नास मैलांवरचें शेत त्याला दिसत नाहीं. धरणाच्या रक्षणाला तो उत्तम. दूरच्या पिकाच्या सेवेला अपुरा.

दुसरा एक उपाय परभणीकरांच्या अगदीं ओळखीचा आहे, पण त्याच्याकडे ह्या दृष्टीनें कोणी पाहत नाहीं. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यांत येलदरीचें धरण आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वरचें. सिद्धेश्वर १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच होतें. त्या वर्षीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला. दोन्ही धरणें १९६८ च्या सुमारास पुरीं झालीं. एकाच नदीवर पाठोपाठ दोन धरणें कशाला, असें कोणीहि विचारील. येलदरीस वीजघर आहे. विजेची मागणी घड्याळाप्रमाणें चालते. संध्याकाळीं दिवे लागले कीं ती वाढते. शेताची मागणी नक्षत्रांप्रमाणें चालते. येलदरीहून विजेसाठीं सुटलेलें पाणी सिद्धेश्वर झेलतें, आणि तेथून शेताच्या गरजेप्रमाणें कालव्यांत जातें. दोन निरनिराळ्या घड्याळांच्या मधें ठेवलेली ही उशी होय. उशीर काढून टाकतां येत नसेल तर गरजेच्या जवळ थोडा सांठा ठेवावा. घरांत रांजण भरून ठेवणाऱ्या बाईला हें कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

आतां निरोपाकडे वळूं. पाण्याला उशीर होतो तसा निरोपालाहि होतो; लहरींना नव्हे, माणसांना. तो कचेरींत थांबतो, सहीसाठीं थांबतो, रविवारीं थांबतो. शिवाय निरोप हरवतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचा निरोप आधीं आणि मागचा नंतर पोंचतो. सकाळीं 'एक फूट उघडा' आणि दुपारीं 'अर्धा फूट मिटवा' असे दोन हुकूम निघाले, त्यांतला एक वाटेंत गळाला किंवा तोच दोनदां पोंचला, तर दरवाजा कोठें येऊन थांबेल ह्याचा नेम नाहीं. हुकूम 'दरवाजा तीन फुटांवर ठेवा' असा असला आणि त्यावर घटका-वेळ लिहिलेली असली, तर तोच हुकूम दहादां पोंचला तरी दरवाजा तीन फुटांवरच राहतो, आणि शिळा कागद शिळा म्हणून ओळखूं येतो. पुढें आगगाड्या, विजेचें जाळें आणि कारखाने संदेशांच्या जाळ्यावर चालविणाऱ्या शास्त्रज्ञांनीं जे नियम बांधले त्यांत ह्या साध्या गोष्टीला मानाचें स्थान आहे. तिसरा नियमहि तितकाच महत्त्वाचा: निरोप अजिबात न आला तर दरवाजानें काय करावें हें आधींच ठरवून ठेवावें, आणि तें दरवाजावरच्या माणसाला किंवा यंत्राला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसणाऱ्या पातळीवर ठरवितां यावें.

१९५७ ह्या एका वर्षांत दोन गोष्टी घडल्या, एकमेकींशीं कांहीं संबंध नसतां. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांतील ऑटो स्मिथ ह्यांनीं उशीर असलेल्या यंत्रांसाठीं एक नवी युक्ति प्रसिद्ध केली. त्यांचें म्हणणें असें: नियामकाच्या पोटांतच त्या यंत्राची एक गणिती प्रतिकृति ठेवा. आपण दिलेला हुकूम प्रत्यक्षांत दिसण्यापूर्वींच त्याचा परिणाम काय होणार हें प्रतिकृति सांगेल. मग नियामक तोच हुकूम पुनः पुनः देणार नाहीं. श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं पाटाच्या टोंकाला दारें धरणारा आपला जुना गडी ह्याहून निराळें कांहीं करीत नव्हता. त्याच्या डोक्यांत पाटाची प्रतिकृति होती. स्मिथसाहेबांनीं ती समीकरणांत लिहिली.

त्याच वर्षीं दक्षिण फ्रान्सांत प्रोव्हान्सच्या कालव्याची कंपनी स्थापन झाली. तो मुलूखहि उन्हाळ्याचा आणि पाण्याच्या टंचाईचा. वरून पाणी ढकलीत नेण्याची जुनी रीत सोडून तेथील इंजिनियरांनीं कालव्याच्या प्रत्येक टप्प्यांत ह्या घटकेला किती पाणी उभें आहे तें मोजावयाचें, पुढच्या कांहीं तासांतली मागणी आजवरच्या अनुभवावरून अंदाजावयाची, आणि दोहोंचा मेळ घालून सर्व दरवाजांना एका केंद्रांतून हुकूम द्यावयाचे, अशी पद्धत बसविली. तिला गतिशील नियमन म्हणतात. वाफा पाहण्याबरोबर पाटांतलें पाणी मोजणें येथें कारखान्याच्या कांटेकोरपणानें होऊं लागलें.

ही पद्धत प्रोव्हान्साहून आली ती थेट आपल्या गोदावरीच्या खोऱ्यांत. पैठणचा उजवा कालवा सिंदफणा नदीवरील माजलगांवच्या धरणांत पाणी आणून टाकतो. तें धरण १९८७ मध्यें पुरें झालें, आणि त्याच्या उजव्या कालव्याचें पाणी बीड, परभणी व नांदेड ह्या जिल्ह्यांसाठीं आहे. जागतिक बँकेच्या साह्यानें महाराष्ट्रांत पाटबंधाऱ्यांचीं जीं कामें चाललीं त्यांत ह्या कालव्यावर गतिशील नियमनाचा प्रयोग करण्याचें ठरलें, आणि १९९० नंतरच्या दशकांत फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनें तो हातीं घेण्यांत आला. भारतांतील ह्या जातीच्या अगदीं पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. कल्पना अशी कीं दरवाजा-दरवाजावर पाण्याची उंची सांगणारीं उपकरणें असावीं, त्यांचे आंकडे बिनतारी संदेशानें केंद्राकडे यावे, तेथें संगणकानें हिशोब करावा, आणि हुकूम परत दरवाजांच्या मोटारींकडे जावे. ज्या कालव्यावर कालपर्यंत पाटकरी सायकलवरून चिठ्ठ्या नेई तेथें ही रचना योजिली गेली, हें लहान धाडस नव्हे.

ह्या रचनेला आपल्या भूमींत जी अडचण येते ती फ्रान्सांत तितकी येत नाहीं, आणि ती अडचण म्हणजे काळी माती. परभणीची कसदार काळी जमीन पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. तिच्यावर केलेलें कालव्याचें अस्तर तिच्याबरोबर उचलतें, बसतें आणि फुटतें. कोरड्या कालव्यांत हंगामाचें पहिलें आवर्तन सोडलें म्हणजे भेगा आधीं पोटभर पितात, मग पाणी पुढें सरकतें. तेंच तिसऱ्या आवर्तनांत झपाझप जातें. गवत माजलें कीं पुनः मंदावतें. म्हणजे कालव्याचा उशीर रोज सारखा नसतो. स्मिथच्या युक्तीचा सगळा भार त्या प्रतिकृतीवर. उशीर दोन दिवसांचा धरला आणि तो तीन दिवसांचा निघाला तर नियामक शहाणपणा सोडून हेलकावे खाऊं लागतो. नव्या नियंत्रणशास्त्रांतले कठीण प्रश्न बहुतेक ह्याच जातीचे आहेत: उशीर आहे एवढेंच नव्हे, तर तो बदलता आहे, आणि कधीं कधीं निरोपच गळतो. ह्यांवर जीं गणितें झालीं आहेत तीं उशीराची एक कमाल मर्यादा धरतात, आणि त्या मर्यादेंत कसाहि उशीर झाला तरी यंत्रणा बिघडूं नये असा नियामक शोधतात. असा नियामक थोडा सुस्त असतो. तो बोटभर फरकाला बोटभर उत्तर देत नाहीं. अर्धें बोट देतो आणि वाट पाहतो. जुने पाटकरीहि असेंच करीत. नव्या साहेबाला तें कामचुकारपणाचें लक्षण वाटे.

आतांपर्यंत आपण पैठणाच्या खालीं होतों. पण पैठणचा दरवाजा हाहि कोणाचें तरी शेतच आहे. त्याचा वरचा दरवाजा नाशिक आणि अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांतील धरणांवर आहे. महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्यें झाला व त्यांत एका खोऱ्यांतील धरणांनीं टंचाईची झळ सारखी वांटून घ्यावी असें तत्त्व आलें. मेंढेगिरी समितीनें २०१३ मध्यें त्याचा हिशोब मांडला, आणि प्राधिकरणानें २०१४ मध्यें आदेश दिला: १५ ऑक्टोबर रोजीं जायकवाडीचा उपयुक्त सांठा ६५ टक्क्यांपेक्षां कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ मध्यें हें तत्त्व उचलून धरलें. तारीख ठरली, आंकडा ठरला. नियामकाला आणखी काय लागतें!

२०२३ सालीं पाऊस अपुरा झाला. १५ ऑक्टोबरचा आंकडा पाहून गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळानें ३० ऑक्टोबर रोजीं वरच्या धरणांतून सुमारें ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश काढला. वरच्या जिल्ह्यांतून विरोध झाला, खालच्या जिल्ह्यांतून आंदोलनें झालीं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, तेथें स्थगिति मिळाली नाहीं, आणि दरवाजे उघडले ते नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत. नदीच्या पाण्याला त्या धरणांपासून नाथसागरापर्यंत येण्यास कांहीं दिवस लागतात. आदेशाला दरवाजापर्यंत जाण्यास जवळजवळ चार आठवडे लागले. परभणीकडे रब्बीची ज्वारी दसऱ्याच्या मागेंपुढें पेरतात. नोव्हेंबरच्या अखेरीस ती पहिलें पाणी मागत असते.